मिरर तुलनेतून कस्टम्सची जोखीम ओळखणे: नव्या विश्लेषकांसाठी पायरीवार मार्गदर्शक

पाठवणाऱ्या देशाने निर्यात म्हणून जे नोंदवलं तेच आपल्याकडे आयात म्हणून नोंदलं गेलं का, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तपासणं म्हणजे मिरर तुलना. कल्पना इतकी सोपी आहे, की पहिल्याच दिवशी दोन तक्ते उतरवून वजाबाकी करण्याचा मोह होतो. संध्याकाळपर्यंत शेकडो ओळींत मोठमोठ्या तफावती दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी निघतात. अशी कच्ची यादी एकदा तपासणी अधिकाऱ्यांकडे गेली आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही, की पुढच्या वेळी खरी सूचनाही कुणी मनावर घेत नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करा. तफावत हा पुरावा नाही, ती फक्त कुठे बघायचं ते सांगते. पुरावा घोषणापत्रात, प्रत्यक्ष मालात आणि आयातदाराच्या हिशोबात सापडतो. तिथपर्यंत योग्य ओळ पोहोचवणं हे विश्लेषकाचं काम, आणि त्यातला मोठा वेळ निरुपद्रवी कारणं वगळण्यात जातो.

आधी काय जवळ हवं

- संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड डेटाबेसचं (देशोदेशींच्या आयात-निर्यातीच्या आकडेवारीचं) खातं. नोंदणीशिवायही थोड्या ओळी दिसतात, पण नियमित कामासाठी नोंदणी करा.
- स्वतःच्या कस्टम्स प्रणालीतून (असिकुडा किंवा जी असेल ती) घोषणापत्रांच्या प्रत्येक बाबीची ओळ काढण्याची परवानगी. प्रसिद्ध झालेले सांख्यिकी तक्ते पुरत नाहीत.
- गेल्या चार-पाच वर्षांचे शुल्कदर, दर बदलल्याच्या तारखांसह.
- एचएसच्या (मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय कोड-पद्धतीच्या) वेगवेगळ्या आवृत्त्यांमधले जुळणी-तक्ते.
- कार्यपद्धती-संकेतांची यादी: घरगुती वापर (म्हणजे देशातच वापरायला आलेला माल), गोदाम, तात्पुरती आयात, संक्रमण (देशातून फक्त पुढे जाणारा माल) वगैरे.
- पिव्हट टेबल येणारी स्प्रेडशीट. ओळी लाखांवर गेल्या तर एसक्यूएल, आर किंवा पायथन.
- मूल्यांकन विभागातला आणि प्रत्यक्ष तपासणी करणारा असा एकेक अनुभवी अधिकारी, ज्यांना फोन करून विचारता येईल. हे दोघं नसतील तर बाकीची साधनं निम्मी वाया जातात.

पायरी 1: प्रश्न लहान ठेवा

"सगळ्या देशांशी, सगळ्या मालाची" तुलना सुरुवातीला करू नका. एक भागीदार देश आणि एचएसची चार-पाच प्रकरणं (कोडच्या पहिल्या दोन अंकांचे गट) घ्या. जास्त शुल्काचा माल, ज्या मालाला कमी शुल्काचा सख्खा शेजारी कोड आहे तो माल, आणि परवाना किंवा कोटा लागणारा माल, अशी निवड करा.

शुल्कदराकडे आधी बघण्याला अभ्यासाचा आधार आहे. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी 1964 मध्ये तुर्कस्तानच्या आयातीत कमी किमतीच्या बिलांचा माग याच पद्धतीने घेतला होता. पुढे 2004 मध्ये रेमंड फिसमन आणि शांग-जिन वेई यांनी हाँगकाँगने चीनला केलेली निर्यात आणि चीनने नोंदवलेली आयात ताडून पाहिली. करदर एका टक्केबिंदूने वाढला, की करचुकवेगिरी साधारण 3 टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. शेजारच्या कोडवर कर कमी असेल तर माल त्या कोडमध्ये सरकतो, हेही त्यातून दिसलं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कोडसमोर त्याचा दर आणि शेजारच्या कोडचा दर लिहून ठेवा. पायरी 6 मध्ये हा स्तंभ लागेल.

पायरी 2: भागीदाराची आकडेवारी उतरवा

कॉमट्रेडवर रिपोर्टर म्हणून भागीदार देश, पार्टनर म्हणून आपला देश आणि फ्लो म्हणून निर्यात निवडा. वार्षिक आकडे, किमान चार वर्षांचे, सहा अंकी पातळीवर घ्या. एचएस कोड जगभर सारखे असतात ते सहा अंकांपर्यंतच. पुढचे दोन किंवा चार अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे, त्यांची तुलना होत नाही.

इथे नेहमी फसवणाऱ्या गोष्टी अशा:

फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडताना कोडचा स्तंभ मजकूर म्हणून घ्या. नाहीतर 020714 चा 20714 होतो आणि पहिल्या नऊ प्रकरणांतला सगळा माल जुळणीतून गळतो. मग "शेतमालाची आयात नोंदलीच गेली नाही" असा भलताच निष्कर्ष निघतो.

दोन, चार आणि सहा अंकी ओळी एकाच फाइलमध्ये आल्या असतील तर बेरीज तिप्पट होते. "जग" ही ओळ देशांच्या ओळींबरोबर आली तर दुप्पट. वाहतुकीचं साधन, कस्टम्स कार्यपद्धती आणि दुसरा भागीदार यांनुसार फोडलेल्या ओळी आणि त्यांच्या एकूण ओळीही एकत्र येऊ शकतात. फक्त एकूण ओळी ठेवा.

एकूण निर्यातीत पुनर्निर्यात धरलेलीच असते. पुनर्निर्यातीचा फ्लो वेगळा उतरवून त्यात मिळवू नका. तो पायरी 4 साठी बाजूला ठेवा.

शेवटी वजनाचा स्तंभ. कॉमट्रेडमध्ये काही वजनं देशाने दिलेली असतात आणि काही प्रति एकक प्रमाणित किमतीवरून अंदाजाने भरलेली असतात. कोणतं वजन अंदाजित आहे हे शेजारचा स्तंभ सांगतो. अंदाजित वजनाने किंमत भागून काढलेला प्रति किलो दर म्हणजे ज्या दराने अंदाज केला तोच दर परत मिळवणं. त्यावर काहीही उभारू नका.

पायरी 3: आपली बाजू कच्च्या घोषणापत्रांतून काढा

प्रत्येक बाबीसाठी हे स्तंभ हवेत: घोषणापत्र क्रमांक, तारीख, कार्यपद्धती-संकेत, पूर्ण टॅरिफ कोड, उगम देश, पाठवणी देश, निव्वळ वजन, संख्या आणि तिचं एकक, बिलाची किंमत व चलन, मालवाहतूक, विमा, सांख्यिकी मूल्य, भरलेलं शुल्क, आयातदाराचा क्रमांक, परदेशी पुरवठादाराचं नाव, मालाचं वर्णन.

रद्द झालेली घोषणापत्रं काढून टाका. दुरुस्ती झालेल्यांची शेवटचीच आवृत्ती ठेवा.

कार्यपद्धती-संकेतांवर थोडा वेळ द्या, कारण इथली चूक पुढे दिसत नाही. अनेक देशांत चार अंकी संकेताचे पहिले दोन अंक आताची प्रक्रिया दाखवतात आणि पुढचे दोन आधीची. 4000 म्हणजे थेट घरगुती वापरासाठी, 7100 म्हणजे गोदामात, 4071 म्हणजे गोदामातून घरगुती वापरासाठी. 7100 आणि 4071 दोन्ही धरले तर तोच माल दोनदा मोजला जातो. दोन्ही सोडले तर गोदामातून आलेला सगळा माल "गायब" दिसतो. भागीदाराने माल पाठवला तेव्हाच निर्यात नोंदवली आहे, त्यामुळे या तुलनेसाठी 4000 आणि 7100 धरा, 4071 सोडा. कागदपत्रांवर निव्वळ संक्रमणाचा माल सोडा, पण त्याचा वेगळा तक्ता करून ठेवा.

मुक्त क्षेत्रात उतरणारा माल तुमच्या सांख्यिकीत धरला जातो की नाही, हे लेखी विचारून घ्या. काही देश सर्वसाधारण व्यापार पद्धतीने मोजतात, म्हणजे सीमेवर आल्यावर. काही विशेष पद्धतीने, म्हणजे मुक्त चलनात गेल्यावर.

पायरी 4: दोन्ही बाजू एका मापावर आणा

मिरर तुलनेचं खरं कौशल्य इथे लागतं. पुढची कारणं एकेक करून वगळा आणि प्रत्येक वगळणुकीनंतर तफावत किती उरली ते वेगळ्या स्तंभात लिहा. पुढे कुणी विचारलं तर आकडा कसा उतरत आला हे दाखवता आलं पाहिजे.

*किमतीचा पाया.* निर्यात सहसा एफओबीवर (निर्यात बंदरात जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) नोंदली जाते, आयात सीआयएफवर (आपल्या सीमेपर्यंतची वाहतूक व विमा धरून किंमत). मधला फरक मालवाहतूक आणि विम्याचा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या व्यापार-दिशा आकडेवारीत यासाठी बराच काळ सरसकट 10 टक्के धरले, नंतर 6 टक्के. जोखीम विश्लेषणाला असा सरसकट आकडा चालत नाही. विमानाने येणाऱ्या मोबाइलवर वाहतुकीचा वाटा नगण्य असतो, तर फरशी, सिमेंट, लाकूड अशा जड आणि स्वस्त मालावर तो खूप मोठा असू शकतो. तुमच्या घोषणापत्रांत मालवाहतूक आणि विमा वेगळे दिलेले असतात. त्यांची बिलाच्या एफओबी किमतीशी टक्केवारी काढा आणि प्रत्येक कोड-देश जोडीचा मध्यक घ्या. सरासरी घेऊ नका, चुकीने भरलेली दोन-चार घोषणापत्रंच ती बिघडवतात. तुमच्या देशात कस्टम्स मूल्य एफओबीवर धरत असतील तर हा भाग सोपा होतो. तरीही सांख्यिकी मूल्य कोणत्या पायावर आहे ते तपासा, दोन्ही एकच असेल असं नाही.

*देशाची ओळख.* आयात उगम देशानुसार नोंदली जाते आणि निर्यात शेवटच्या ज्ञात गंतव्यानुसार. कारखान्यातून निघालेला माल सिंगापूर, हाँगकाँग, दुबई किंवा रॉटरडॅममार्गे आला, तर उत्पादक देश कदाचित त्या मधल्या ठिकाणालाच निर्यात नोंदवतो आणि तुमच्याकडे मात्र उगम म्हणून उत्पादक देश लिहिला जातो. उत्पादकाशी तुलना केली तर आयात जास्त दिसते, मधल्या ठिकाणाशी केली तर कमी. उपाय असा, की आपली आयात दोनदा मांडायची, एकदा उगमानुसार आणि एकदा पाठवणी देशानुसार. दुसरी मांडणी मधल्या ठिकाणाच्या पुनर्निर्यातीशी ताडा. तरीही गोंधळ राहिला तर त्या दोन-तीन देशांना एकत्र करून एकच गट म्हणून बघा. गट केल्यावर तफावत विरली, तर ती वाटेमुळे होती.

*एचएस आवृत्ती.* 2022 ची आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, पण सगळे देश त्याच दिवशी तिच्यावर आले नाहीत. आधीच्या आवृत्तीतला मोबाइल फोनचा 8517.12 हा कोड 2022 मध्ये गेला आणि स्मार्टफोनसाठी 8517.13, इतर फोनसाठी 8517.14 आले. एक देश जुन्यावर आणि दुसरा नव्यावर असेल तर एका कोडमध्ये 100 टक्के तूट आणि दुसऱ्यात शून्यातून उगवलेली आयात दिसेल. दोन्ही बाजू जुन्या समान आवृत्तीवर आणा, कारण नव्यातून जुन्यात जाणं सहसा जमतं, उलटं बहुधा नाही. जिथे कोड फुटले किंवा एकत्र झाले, तिथे त्या कोडांचं एक कुटुंब करून बेरजेवर काम करा.

*वेळ.* समुद्रमार्गे डिसेंबरात निघालेला माल जानेवारी किंवा फेब्रुवारीत पोहोचतो. मासिक तुलना करायची असेल तर आपला महिना प्रवासाच्या दिवसांइतका पुढे सरकवा. वार्षिक तुलनेतही हंगामी मालाची वर्षअखेर तपासा. दोन सलग वर्षांच्या बेरजेत तफावत नाहीशी होत असेल, तर तो नुसता प्रवासाचा फरक आहे.

*गोपनीयता.* एखाद्या कोडमध्ये एक-दोनच निर्यातदार असतील तर काही देश तो आकडा लपवतात आणि 9999 सारख्या ठोकळ कोडमध्ये किंवा "इतरत्र न नमूद प्रदेश" या भागीदाराखाली टाकतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: सहा अंकी ओळींची बेरीज त्यांच्या चार किंवा दोन अंकी बेरजेपेक्षा कमी भरते.

*एककं.* एक बाजू जोड्या मोजते, दुसरी किलो. आपल्याच घोषणापत्रांत निव्वळ वजनाच्या जागी एकूण वजन भरलेलं असतं किंवा टनांच्या जागी किलो. निव्वळ आणि एकूण वजन तंतोतंत सारखं असलेल्या ओळी किती आहेत ते मोजा. तो वाटा मोठा असेल तर वजनावरचे निष्कर्ष जपून काढा.

*तिसऱ्या देशाची चाचणी.* एवढं करूनही तफावत उरली, तर भागीदाराची त्याच कोडमधली दुसऱ्या दोन-तीन देशांना झालेली निर्यात घ्या आणि त्या देशांच्या आयातीशी जुळवा. तिथेही तीच तूट असेल तर दोष बहुधा भागीदाराच्या नोंदीत आहे. ती फक्त तुमच्याच बाबतीत असेल तर पुढे जा. या चाचणीला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात अनेक दिवसांची वणवण वाचते, म्हणून ती कधीही टाळू नका.

पायरी 5: तफावत मोजा आणि क्रम लावा

अपेक्षित आयात = भागीदाराची निर्यात × (1 + वाहतूक-विमा प्रमाण). त्यातून नोंदलेली आयात वजा केली की तफावत.

एक काल्पनिक ओळ घेऊ. भागीदाराची निर्यात 84 लाख डॉलर, 2,100 टन, म्हणजे किलोला 4 डॉलर. वाहतूक-विमा 5 टक्के धरला तर अपेक्षित आयात 88.2 लाख, किलोला 4.20 डॉलर. आपल्याकडे नोंद आहे 51 लाख डॉलर, 2,040 टन, म्हणजे किलोला 2.50 डॉलर. वजनातली तूट 3 टक्क्यांच्या आत, पण किमतीतली तूट 37.2 लाख, म्हणजे 42 टक्के.

आता महसूल. शुल्क 20 टक्के आणि त्यावर 15 टक्के मूल्यवर्धित कर असेल, तर एकत्रित दर 0.20 + 0.15 × 1.20 = 0.38. संभाव्य महसूल साधारण 14.1 लाख डॉलर. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मूल्यवर्धित कराची वजावट पुढे मिळत असेल, तर खरं नुकसान शुल्काच्या 7.4 लाखांच्या आसपास धरा. अहवालात दोन्ही आकडे वेगळे द्या आणि "संभाव्य" हा शब्द कुठेही गाळू नका. हे आकडे बातमी म्हणून बाहेर गेले तर विश्लेषण करणं अवघड होऊन बसतं.

क्रम लावताना तफावतीची टक्केवारी नको, संभाव्य महसूल धरा. 5,000 डॉलरच्या मालात 90 टक्के तूट असली तरी तिच्यामागे माणसं लावण्यात अर्थ नाही. सुरुवातीला ही चाळणी ठीक: वार्षिक मूल्य एक लाख डॉलरच्या वर, तफावत 20 टक्क्यांच्या वर, आणि चारपैकी किमान तीन वर्षं तीच दिशा. अपवाद परवाना किंवा बंदी असलेल्या मालाचा, उदाहरणार्थ ओझोनला घातक रसायनं, टाकाऊ प्लास्टिक, संरक्षित लाकूड. तिथे शुल्क शून्य असलं तरी वजनातली तूट गंभीर असते, म्हणून त्यांची यादी वेगळी लावा.

पायरी 6: तफावतीचं रूप वाचा

किंमत आणि वजन यांच्याकडे नेहमी एकत्र बघा. नुसत्या किमतीच्या तफावतीवरून काय चाललं आहे ते कळत नाही.

वजन जुळतं, किंमत कमी: वरच्या ओळीसारखं. संशय कमी मूल्य दाखवल्याचा. पण हलक्या दर्जाचा माल तुमच्याकडे येतो आणि भारी दर्जाचा इतरत्र जातो, असंही असू शकतं. भागीदाराचा तुमच्याकडचा निर्यातदर आणि इतर देशांकडचा निर्यातदर ताडून पाहा. भागीदाराच्याच नोंदीत तुमच्यासाठीचा दर 4 डॉलर असेल, तर दर्जाचं स्पष्टीकरण लंगडं पडतं.

वजन आणि किंमत दोन्ही कमी, आणि शेजारच्या कमी शुल्काच्या कोडमध्ये जवळपास तेवढीच वाढ: चुकीचं वर्गीकरण. पायरी 1 मधला दरांचा स्तंभ इथे कामी येतो. दोन्ही कोडांची बेरीज करा. बेरीज जुळली आणि वेगवेगळे कोड जुळले नाहीत, तर संशय पक्का होतो. शुल्कदर बदललेल्या महिन्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने आलेखावर मांडा. दर वाढल्यावर एक कोड आटला आणि शेजारचा फुगला, हे चित्र कुणालाही समजतं. मात्र भागीदार स्वतःच वेगळ्या कोडमध्ये नोंदत असेल, तर वर्गीकरणाबद्दल प्रामाणिक मतभेदही असू शकतो, म्हणून आधी वर्गीकरण विभागाचं मत घ्या.

दोन्ही कमी, आणि शेजारी कुठेही वाढ नाही: माल घोषितच झाला नाही, किंवा संक्रमण, मुक्त क्षेत्र, दुसरं सीमाद्वार अशा मार्गाने गेला. बाजूला ठेवलेला संक्रमणाचा तक्ता आता काढा. संक्रमणात शिरलेला माल बाहेर पडल्याची नोंद आहे का, आणि पलीकडच्या देशात तो पोहोचला का?

किंमत जुळते, वजन जास्त किंवा कमी: बहुतेक वेळा एककाची चूक. एककं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आयात अपेक्षेपेक्षा जास्त: नवे विश्लेषक ही बाजू सोडून देतात, कारण महसूल बुडताना दिसत नाही. पण फुगवलेल्या बिलातून पैसा बाहेर नेता येतो, आणि शुल्क शून्य असलेला माल त्यासाठी सोयीचा असतो. दुसरी शक्यता खोट्या उगमाची. सवलतीचा करार असलेल्या देशाकडून तुमच्याकडे त्याच्या नोंदलेल्या एकूण निर्यातीपेक्षा जास्त माल "आला" असेल, तर तो मुळात दुसरीकडून येत असल्याचा संशय रास्त आहे.

हीच वजाबाकी उलट्या दिशेनेही करा. आपली निर्यात जास्त आणि भागीदाराची आयात कमी असेल, तर परताव्यासाठी किंवा अनुदानासाठी फुगवलेली किंवा कागदावरचीच निर्यात असू शकते. उलट असेल तर निर्यातकर किंवा निर्यातबंदी असलेला माल लपून बाहेर जातो आहे का ते बघा.

पायरी 7: कोडवरून आयातदारापर्यंत उतरा

कॉमट्रेड इथे संपतं. आता फक्त आपली घोषणापत्रं. निवडलेल्या कोड-देश जोडीतल्या सगळ्या ओळी प्रति किलो दरानुसार लावा आणि प्रत्येक आयातदाराचा मध्यक काढा. कधी दोन वेगळे पुंजके दिसतात: काहीजण 4 डॉलरच्या आसपास, काहीजण 2 च्या. कधी सगळेच खाली असतात. पहिल्या स्थितीत खालच्या पुंजक्यातले आयातदार, त्यांचे पुरवठादार, दलाल आणि सीमाद्वार बघा. दुसऱ्या स्थितीत सगळ्यांना दोषी धरण्याआधी पायरी 4 पुन्हा करा, कारण सरसकट घसरणीमागे बऱ्याचदा आपलीच मापाची चूक असते.

मालाचं वर्णन वाचायचा कंटाळा करू नका. "सुटे भाग", "विविध वस्तू", "कापड" अशी मोघम वर्णनं संशयित कोडमध्ये एकाच दलालाकडून पुन्हापुन्हा येत असतील, तर ते टिपून ठेवा.

पायरी 8: संशयाला योग्य उपाय जोडा आणि निवड-नियम लिहा

कमी मूल्याचा संशय असेल तर कंटेनर उघडून काही कळत नाही, मालावर खरी किंमत लिहिलेली नसते. तिथे कागदपत्रांची छाननी आणि मंजुरीनंतरचं लेखापरीक्षण लागतं: बँकेतून झालेली देणी, करार, विक्रीची बिलं. चुकीच्या वर्गीकरणासाठी प्रत्यक्ष तपासणी आणि गरज पडली तर प्रयोगशाळेत नमुना. अघोषित मालासाठी वजनकाटा, स्कॅनर आणि पूर्ण उतरवून मोजणी. सगळ्या संशयांना एकच "रेड चॅनल" (माल उघडून प्रत्यक्ष तपासणी) लावला, की रांग वाढते आणि सापडत काही नाही.

नियम अरुंद लिहा. "हा कोड, हा उगम, किलोला 3 डॉलरच्या खाली, आणि आयातदाराची या कोडमधली पहिली सहा घोषणापत्रं" असा नियम चालतो. "या देशाचा सगळा माल" हा नियम चालत नाही. चालू करण्याआधी तो गेल्या 12 महिन्यांच्या घोषणापत्रांवर चालवून दिवसाला किती पकड येते ते मोजा, आणि तपासणी पथकाची रोजची क्षमता त्याच्याशेजारी लिहा.

सूचनेत अधिकाऱ्यासाठी नेमकं काय शोधायचं ते लिहा. "संशयित, नीट तपासा" यातून काही हाती लागत नाही. "धाग्याचं मिश्रण तपासा, घोषित पॉलिएस्टर, संशय सुती, नमुना पाठवा" यातून लागतं.

कायद्याचा सापळाही इथेच आहे. भागीदाराच्या आकडेवारीतला सरासरी दर तुम्ही कस्टम्स मूल्य म्हणून लावू शकत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारानुसार पहिला आधार प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत हाच आहे, आणि किमान किंवा मनमानी मूल्यं लावायला कलम 7 मध्ये स्पष्ट मनाई आहे. घोषित किमतीच्या खरेपणाबद्दल रास्त शंका असेल तर आयातदाराकडे स्पष्टीकरण आणि कागदपत्रं मागता येतात, आणि शंका टिकली तर कारणं कळवून व त्याला बाजू मांडायची संधी देऊन क्रमाने पुढच्या पद्धतींकडे जाता येतं. मिरर आकडा तुम्हाला शंकेपर्यंत नेतो, मूल्य ठरवण्याच्या कामी येत नाही.

भागीदार कस्टम्सकडून मूळ निर्यात घोषणापत्र मागवायचं असेल तर द्विपक्षीय सहकार्य करार किंवा व्यापार सुलभीकरण कराराचं कलम 12 वापरा. तिथेही "तुमच्या-आमच्या आकड्यांत फरक आहे" एवढं पुरत नाही. विशिष्ट घोषणापत्र, शंकेचं कारण आणि स्वतः केलेली पडताळणी द्यावी लागते. पायरी 7 नीट झाली असेल तर पाच-दहा घोषणापत्रांची यादी तयारच असते.

पायरी 9: निकाल परत मागवा आणि नियम बदला

प्रत्येक नियमाला मालक, सुरुवातीची तारीख आणि संपण्याची तारीख द्या. तीन ते सहा महिने पुरे. तपासणीचा निकाल मोकळ्या मजकुरात घेऊ नका, ठरलेल्या संकेतांत घ्या: काही नाही, मूल्य, वर्गीकरण, प्रमाण, उगम, परवाना. त्यासोबत वसूल रक्कम.

नियम चांगला की वाईट हे ठरवायला तुलना लागते, म्हणून एक-दोन टक्के घोषणापत्रं निव्वळ यादृच्छिक निवडीने तपासली जात असावीत. नियमाने 200 पकडली आणि 30 मध्ये सापडलं, म्हणजे 15 टक्के. यादृच्छिक निवडीत 4 टक्के सापडत असेल तर नियम काम करतो आहे. दोन्ही आकडे सारखेच आले तर नियम बंद करा, मग तफावत कितीही मोठी दिसत असो.

सापडलं नाही याची दोन वेगळी कारणं असतात आणि ती वेगळी नोंदवावी लागतात: माल खरंच बरोबर होता, किंवा लावलेला उपाय चुकीचा होता. कमी मूल्याच्या संशयावर दहा कंटेनर उघडून "काही नाही" असा शेरा आला, तर त्यातून नियमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तीच घोषणापत्रं लेखापरीक्षणाकडे पाठवा आणि त्यांचा निकाल येईपर्यंत नियम चालू ठेवा.

वार्षिक आकडे देशोदेशी वेगवेगळ्या वेळी कॉमट्रेडवर येतात आणि नंतर सुधारलेही जातात, म्हणून संपूर्ण तुलना वर्षातून दोनदा नव्याने उतरवलेल्या फाइलवर करा. उतरवल्याची तारीख फाइलच्या नावात घाला. मधल्या काळात फक्त चालू नियमांच्या कोडचे मासिक आकडे बघा. शुल्कदर बदलला, परवाना लागू झाला किंवा एचएसची नवी आवृत्ती आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्या प्रकरणापुरती पायरी 2 पासून पुन्हा सुरुवात करा. पुढची आवृत्ती 1 जानेवारी 2028 पासून लागू व्हायची आहे, तेव्हा तिचे जुळणी-तक्ते हाती आले की कोडांची कुटुंबं आधीच बांधून ठेवा.